पाहिले, पण दिसले नाही



गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. सकाळची वेळ होती. रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच उघडला होता. टिळकवाडीतील एका गल्लीतून मी माझी मोटार घेऊन खानापूर रस्त्याला लागत होतो. गल्लीच्या तोंडाशी वेग कमी केला, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडे ओझरती नजर टाकली. रस्ता मोकळा दिसला म्हणून गाडी पुढे काढली. पाठोपाठ उजव्या दारापाशी धाडकन आवाज झाला. खाली उतरून पाहतो तो आपल्याच शाळेच्या नववीच्या वर्गातील एक मुलगी रस्त्यावर पडलेली, सायकल तिच्या पायांवर, दप्तर चार हात दूर. कोपर खरचटले होते, पुढच्या चाकाची रिम वाकली होती. याहून अधिक काही झाले नव्हते. तिला हात देऊन कडेला आणले. त्यानंतर अर्ध्या मिनिटात एक बस आली आणि ती मुलगी जेथे पडली होती नेमक्या त्याच जागेवरून निघून गेली. त्या बसचे मागचे चाक मी बराच वेळ पाहत राहिलो.

मी तिला म्हणालो, "अगं, तू मला दिसलीच नाहीस."

ती थरथरत होती, तरी चटकन म्हणाली, "सर, पण तुम्ही माझ्याकडंच बघत होता की!"

आम्ही दोघेही खरे बोलत होतो. एका माणसाने दुसऱ्याकडे तोंड करून पाहावे आणि तरी ते माणूस त्याला दिसू नये, हे कसे घडते? त्या दिवसापासून ह्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. मी विज्ञान शिकवतो. तेव्हा निदान माझ्या विषयापुरता तरी त्याचा छडा लावणे हे माझे कर्तव्य होते. जे हाती लागले ते येथे मांडतो आहे, कारण आज तुम्ही सायकलवर आहात आणि पाचसात वर्षांत तुमच्यापैकी पुष्कळजण मोटारीच्या चाकामागे बसलेले असतील.

आरंभीच एक कबुली देतो. आयुष्यातील वीस वर्षे मी स्वतः सायकलवरून हिंडलो. गल्लीबोळांतून अंगावर येणाऱ्या मोटारवाल्यांना मनातल्या मनात, आणि कधी कधी उघडही, मी जी विशेषणे बहाल केली ती शाळेच्या वार्षिकात छापण्याजोगी नाहीत. आपल्या बेळगावचे सायकलशी नाते तसे फार जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगर आणि यंत्रे घडवणाऱ्या त्या मोठ्या उद्योगाचे मूळ ह्या दुकानात आहे. ज्या गावाने मराठी उद्योगाला सायकलच्या चाकावरून चालते केले, त्याच गावात सायकलवरच्या मुलीपुढे मोटार आडवी घालणारा मीच निघावे, ह्याची खंत वाटते.

आता मुख्य विषयाकडे वळू. डोळा हा कॅमेऱ्यासारखा आहे असे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. भिंग, पडदा आणि उलटी प्रतिमा येथपर्यंत ही उपमा चालते. पुढे मात्र ती फसवते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोठेही पडलेली प्रतिमा सारखीच स्पष्ट उमटते. दृष्टिपटलाचे तसे नाही. अत्यंत स्पष्ट दिसते ते केवळ मधल्या एका चिमुकल्या खळग्यात, पीतबिंदूच्या केंद्रस्थानी. त्या खळग्याचे राज्य केवढे? हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढा, म्हणजे सुमारे दोन अंशांचा, जगाचा तुकडा तेवढा आपल्याला खरोखर रेखीव दिसतो. बाकीचे सारे अंधुक असते. अक्षरे वाचता येत नाहीत, चेहरा ओळखता येत नाही. विश्वास बसत नसेल तर ह्याच ओळीतील एका शब्दावर नजर खिळवून ठेवा आणि डोळा न हलवता चार शब्द पलीकडचे वाचण्याचा प्रयत्न करा.

मग आपल्याला सारे दृश्य एकसारखे स्पष्ट का भासते? कारण डोळा स्वस्थ बसत नाही. तो क्षणाक्षणाला उड्या मारतो. येथे थांबतो, तेथे थांबतो, आणि ह्या थांब्यांवर टिपलेले तुकडे जोडून मेंदू एक अखंड चित्र उभे करतो. ह्यात एक मोठी मेख आहे. उडी चालू असताना मेंदू डोळ्याकडून आलेली माहिती जवळजवळ बाजूला टाकतो. तसे झाले नसते तर दर उडीला जग फराट्यासारखे पुसट दिसले असते. हे पडताळण्यास प्रयोगशाळा नको, घरातील आरसा पुरे. आरशाजवळ उभे राहून प्रथम आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. स्वतःचे डोळे हललेले तुम्हांला कधीही दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या भावंडाला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतील. एर्डमान आणि डॉज ह्या संशोधकांनी १८९८ साली आरशातील ही गंमत नोंदवून ठेवली आहे.

आता तो मोटारचालक गल्लीच्या तोंडाशी आणा. त्याला घाई आहे. मान उजवीकडून डावीकडे गर्रकन फिरते. तेवढ्या अवधीत डोळ्याला दोन किंवा तीन थांबे मिळतात, आणि थांब्यांमधील रस्ता त्याने पाहिलेलाच नसतो. मेंदूने तो आजूबाजूवरून अंदाजाने भरून काढलेला असतो. बस एवढी प्रचंड असते की दोन थांब्यांच्या मध्ये ती मावत नाही. सायकलस्वार मावतो. किती सहज मावतो हे गणिताने पाहू. अंगठा सुमारे २ सेंटीमीटर रुंद, डोळ्यापासून ६० सेंटीमीटर दूर. समोरून येणाऱ्या सायकलस्वाराची रुंदी ६० सेंटीमीटर धरली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने तो १८ मीटरवर असताना बरोबर एका अंगठ्यामागे दडेल. ३६ मीटरवर तो अर्ध्या अंगठ्याएवढाच असतो. आपल्या पटांगणावर १८ मीटर मोजून पाहा. शंभराच्या शर्यतीची ती पाचव्या भागाहूनही थोडी कमी वाट आहे.

येथे कोणी विचारील की डोळ्याच्या कडेला स्पष्ट दिसत नसले तरी हालचाल तर चटकन जाणवते ना? शंका रास्त आहे. आंब्याच्या झाडात लपलेला सरडा स्थिर असेपर्यंत दिसत नाही, हलला की कडेच्या नजरेलाही कळतो. पण टक्कर होऊ घातलेली वस्तू नेमकी हलताना दिसत नाही! हे विधान विचित्र वाटेल, म्हणून उदाहरण घेऊ. सायकल मुख्य रस्त्यावरून सेकंदाला ४ मीटर वेगाने येत आहे. मोटार काटकोनातल्या रस्त्याने सेकंदाला ७ मीटर वेगाने चौकाकडे निघाली आहे आणि चालक वेग कमी करीत नाही. टकरीच्या ३ सेकंद आधी सायकल चौकापासून १२ मीटरवर आणि मोटार २१ मीटरवर असेल. २ सेकंद आधी ८ आणि १४. एक सेकंद आधी ४ आणि ७. प्रत्येक क्षणी काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंचे गुणोत्तर तेच, म्हणून कोनही तोच. चालकाच्या दृष्टीने सायकलस्वार काचेवरील एकाच ठिकाणी चिकटून बसलेला असतो. तो सरकत नाही, केवळ हळूहळू मोठा होतो, आणि हे मोठे होणे शेवटच्या क्षणापर्यंत जाणवण्याजोगे नसते. खलाशांना हे तत्त्व पूर्वापार ठाऊक आहे. दुसरे गलबत जवळ येत असून त्याची दिशा बदलत नसेल, तर टक्कर ठरलेली, असे समजून ते आपला मार्ग बदलतात. जमिनीवरच्या चालकांना मात्र हे कोणी शिकवीत नाही.

ह्यावर ताण म्हणजे मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना छत पेलणारे जे खांब असतात ते. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आधुनिक मोटारींत हे खांब पूर्वीपेक्षा जाड केले आहेत. आतल्यांच्या रक्षणाची ही सोय बाहेरच्यांना भोवते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. गल्लीतून बाहेर पडताना सर्वांत जवळची वाहने त्याच्या उजव्या हाताने येतात. आणि उजवीकडचा खांब तर त्याच्या नाकासमोर! खांब १० सेंटीमीटर रुंद आणि डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर आहे असे धरा. दोन डोळ्यांत साडेसहा सेंटीमीटर अंतर असते, म्हणून एका डोळ्याला न दिसणारा काही भाग दुसरा डोळा पाहतो. तरीही साडेतीन सेंटीमीटरांची जी तूट राहते ती अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. १६ मीटरवर ती वाढून लपलेल्या पट्ट्याची रुंदी सुमारे ८७ सेंटीमीटर होते. २४ मीटरवर सव्वा मीटरच्या वर जाते. सायकलस्वाराचे सारे शरीर त्यात नाहीसे होते. कडेला चाकाचा एखादा तुकडा डोकावला तर डोकावला. आणि वरच्या उदाहरणाप्रमाणे दोघांचे वेग कायम राहिले, तर जो एकदा ह्या खांबामागे गेला तो जवळजवळ अखेरपर्यंत खांबामागेच राहतो.

इंग्लंडच्या दक्षिणेस न्यू फॉरेस्ट म्हणून मोकळ्या माळाचा प्रदेश आहे. तेथे इप्ली क्रॉस ह्या चौकात दोन सरळ रस्ते तिरकस कोनात एकमेकांना छेदत. आसपास ना घर, ना कुंपण. दूरवरून येणारे वाहन सहज दिसावे अशी जागा. तरीसुद्धा २०१६ पर्यंतच्या काही वर्षांत त्या एकाच चौकात मुख्य रस्त्याने जाणाऱ्या दोन सायकलस्वारांना, आडव्या रस्त्याने न थांबता आलेल्या मोटारींच्या धडकेने, प्राण गमवावे लागले. माळ मोकळा होता हेच तेथील संकट होते, असे त्या चौकाचा भूमितीने अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले. लांबवर सारे दिसते आहे ह्या भरवशावर चालक वेग कमी करीत नाही, आणि वेग कायम राहिला की खांबामागचा सायकलस्वार खांबामागेच राहतो. जो चालक चौकापाशी गाडी थांबवतो किंवा पुरेशी सावकाश करतो, त्याच्या बाबतीत त्रिकोण मोडतो, कोन बदलतो आणि लपलेला माणूस खांबामागून बाहेर येतो. वेग कमी करण्याच्या नियमामागे एवढी भूमिती आहे.

डोळ्याचे आणि खांबाचे झाले, मनाचे राहिले. आपण जे शोधतो ते आपल्याला दिसते. १९९९ साली अमेरिकेत सायमन्स आणि शॅब्रिस ह्या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचे चित्रण दाखवले आणि एका संघाने किती वेळा चेंडू दिला ते मोजण्यास सांगितले. चित्रणाच्या मध्यावर गोरिलाचा वेष केलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना गोरिला दिसलाच नाही. गल्लीच्या तोंडाशी आलेला चालक असेच काही मोजत असतो: बस येते का, ट्रक येतो का, मोटार येते का? त्याच्या यादीत सायकल नसेल, तर ती गोरिलाप्रमाणे समोरून निघून जाते.

ह्या संबंधात हेलसिंकी येथे झालेला एक अभ्यास आपल्याला फार उपयोगी आहे. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. फिनलंडमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून उजवीकडे वळणाऱ्या चालकाला धोका डावीकडून येणाऱ्या मोटारींचा. अभ्यासकांना असे आढळले की असे चालक डावीकडे टक लावून पाहत राहतात आणि उजव्या हाताने येणाऱ्या सायकलस्वाराकडे त्यांची नजर वळतच नाही. हेच चित्र आरशात धरा म्हणजे ते आपल्या गावाचे होईल. आपल्याकडे डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहतो. मग रस्त्याच्या उलट बाजूने, वाहनांच्या समोरून, म्हणजे त्या चालकाच्या डाव्या हाताने जो सायकलस्वार येतो तो कोणाच्याच यादीत नसतो. मित्रहो, रस्ता ओलांडण्याचा कंटाळा येतो म्हणून उलट बाजूने शाळेपर्यंत येणारे निदान पंचवीसजण मला नावानिशी ठाऊक आहेत. त्यांची नावे येथे देत नाही. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

यादीत सायकल का नसते? एके काळी ती असे. पुण्याला लोक सायकलींचे शहर म्हणत. कचेऱ्या सुटल्या की सायकलींचा लोंढा वाहत असे आणि मोटार त्या लोंढ्याला विचारून पुढे सरकत असे. जेथे सायकली जास्त तेथे दर सायकलस्वारामागे अपघाताचा धोका कमी, असे निरनिराळ्या देशांतील व शहरांतील आकडे ताडून जेकबसन ह्या संशोधकाने २००३ साली मांडले. संख्या वाढली की चालकांची नजर सरावते, हे त्याचे एक संभाव्य कारण. आपल्या भागात कर्नाटक शासनाने २००६-०७ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा काही वर्षे येळ्ळूर-अनगोळकडून येणाऱ्या मुलामुलींच्या रांगाच्या रांगा दिसत. त्या काळात त्या रस्त्यांवरचे वाहनवाले काहीसे जपून असत, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. त्याला पुरावा मात्र माझ्यापाशी नाही.

येथवर मी मोटारचालकाची वकिली केली असे वाटेल. ती करावयाची नाही. ज्याला दिसले नाही त्याची गोष्ट सांगितली. आता ज्याला दिसते त्याची सांगतो, कारण असेही थोडे नाहीत. हा गृहस्थ सायकलस्वाराला पाहतो, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो आणि तरीही गाडी आडवी घालतो. सायकलच आहे, थांबेल, असा त्याचा हिशेब असतो. बळी तो कान पिळी, दुसरे काय! पुढून ट्रक येत असता तर हाच गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी गोगलगायीसारखा थबकला असता.

त्याचा हिशेब तपासू. सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. संकट ओळखून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो. ५ मीटर तेथेच संपले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तर आणखी ५ मीटर, एकूण १०. आता मोटार. उभ्या मोटारीने सेकंदाला सेकंदामागे दीड मीटर ह्या त्वरणाने निघून सायकलची वाट पुरती ओलांडण्यास ६ मीटर जावे लागते असे धरले, तर लागणारा काळ सुमारे २.८ सेकंद. "चटकन निघतो" असे म्हणणाऱ्या चालकाचे चटकन हे एवढे असते! तेवढ्यात सायकल १४ मीटर येते. म्हणजे सायकलस्वार १४ मीटरांच्या आत असताना गाडी काढली, तर त्याला ब्रेक दाबणे भाग आहे. १० मीटरांच्या आत असताना काढली, तर त्याने ब्रेक दाबूनही उपयोग नाही. आणि हे कोरड्या दिवसाचे गणित आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जो पाऊस पडतो त्यात पोलादी रिमवर ओले रबर नुसते घसरते. १० मीटरांचा आकडा किती वाढेल ते प्रत्येकाने आपल्या सायकलवर, मोकळ्या पटांगणात, मोजून पाहावे.

सायकल वेळेवर थांबली तरी नुकसान होतेच. ते मोटारवाल्याला कळत नाही एवढेच. मुलगा, सायकल आणि दप्तर मिळून ७५ किलोग्रॅम धरा. ५ मीटर वेगाला गतिज ऊर्जा होते ९३७ ज्यूल. ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेली. पुन्हा तोच वेग घेण्यासाठी स्वतःला, सायकलला आणि दप्तराला सव्वा मीटर उंच उचलण्याएवढे काम पायांनी करावयाचे. सकाळच्या वाटेवर सहा चौकांत सहा वेळा असे झाले, तर तो मुलगा शाळेत येण्यापूर्वी ते ओझे घेऊन दुमजली घराचा जिना चढून आलेला असतो. मोटारवाल्याला पुन्हा निघण्यासाठी पायाचा अंगठा दाबावा लागतो. थांबण्याचा भार कोणी सोसावा हे केवळ न्यायाच्या दृष्टीने पाहिले तरी उत्तर उघड आहे. आणि तोच वेग कायम ठेवून सायकल दारावर आदळली, तर तो आघात सव्वा मीटर उंचीवरून पडण्यासारखा असतो.

कायद्याचे उत्तरही हेच आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांनुसार, चौकापाशी येताना चालकाने वेग कमी करावयाचा, तेथील कोणाच्याही सुरक्षिततेला धोका नाही अशी जाणीव झाल्याखेरीज चौकात शिरावयाचे नाही. मुख्य रस्त्यावर येताना त्या रस्त्याने चाललेल्या वाहनांना वाट द्यावयाची, आणि इतर चौकांत उजव्या हाताने येणाऱ्या सर्वांना. ह्या नियमांची जागा २०१७ साली नव्या नियमांनी घेतली. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग ह्यांची विशेष काळजी चालकाने घ्यावी असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. चालकाने केवळ पाहिले की झाले, असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही. धोका नाही हे त्याला कळले पाहिजे. मी त्या सकाळी पाहिले होते. मला कळलेले काहीच नव्हते. डोळा उड्या मारतो, खांब माणूस गिळतो, मन सायकल वगळते, हे सारे माझ्या शरीराचे आणि माझ्या मोटारीचे दोष. त्यांची भरपाई थांबून, पुन्हा पाहून मी करावयाची, की त्या मुलीने आपल्या कोपराने? देशात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. "दिसलेच नाही" हे वाक्य त्यांपैकी कितीजणांच्या पश्चात उच्चारले गेले असेल!

सायकलस्वारांना काही गोष्टी सांगावयाच्या आहेत. दोष त्यांचा म्हणून नव्हे, तर जीव त्यांचा म्हणून. रस्त्याच्या अगदी कडेला, भिंतीला खेटून चालू नका. गल्लीतून डोकावणाऱ्या चालकाला भिंतीलगतचा माणूस सर्वांत उशिरा दिसतो. कडेपासून मीटरभर आत राहिलात तर कित्येक मीटर आधी दिसाल. गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या मोटारीच्या चालकाकडे पाहण्यापेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे पाहा. चेहरा फसवतो, हे मी माझ्याच चेहऱ्यावरून सांगतो. चाक मात्र फिरू लागले की लगेच कळते. बोटे ब्रेकवर ठेवा. घंटा बिघडली असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. बंद काचेआड गाणी ऐकणाऱ्याला ती ऐकू जाणार नाही हे खरे, पण मोकळ्या खिडकीत बसलेल्याला जाईल.

त्या अपघातानंतर पंधरा दिवसांनी आम्ही एक प्रयोग केला. माझी मोटार पटांगणात उभी केली. नववीच्या वर्गातील मुलामुलींनी एकेकाने चालकाच्या आसनावर बसावयाचे, डोके स्थिर ठेवावयाचे. १६ मीटरवर चुन्याने आखलेल्या रेघेवरून दुसऱ्याने सायकल हळूहळू हाताने ढकलीत न्यावयाची. बसलेल्याने "गेला" म्हणताच तेथे खडूने खूण, "आला" म्हणताच दुसरी खूण. दोन खुणांतील अंतर बहुतेकांच्या बाबतीत तीन फुटांच्या आसपास भरले. उंच मुलांचे थोडे कमी, एका चष्मेवाल्याचे बरेच जास्त. आपला मित्र डोळ्यांदेखत सायकलसकट नाहीसा होतो ह्याची पोरांना एवढी मौज वाटली की तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

शेवटी ती मुलगी आसनावर बसली. तिची सायकल दुसरी एक मैत्रीण नेत होती. "गेली," ती म्हणाली, आणि क्षणभर गप्प राहिली. मग सांगितलेले विसरून तिने अंग पुढे झुकवले, मान खांबाच्या पलीकडे काढली आणि म्हणाली, "सर, असं वाकलं की दिसते की!"

ते झुकणे मी तिच्याकडून घेतले. त्या गल्लीच्या तोंडाशी आता मी गाडी पुरती थांबवतो, एकदा मागे रेलतो, एकदा पुढे वाकतो, आणि मागचा भोंगा वाजवीत असला तरी आणखी एकदा उजवीकडे पाहतो.